सहा ते सातचा तास

रात्री बर्फ पडून गेला की सकाळी ते प्रत्येक ड्राइव्हवेच्या टोकाशी थांबायचे. घराकडे पाहायचे नाहीत, जमिनीकडे पाहायचे. हात पाठीमागे, लोकरीची टोपी कानांवर ओढलेली. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. मग पुढचं घर. आमच्या रस्त्यावर बावीस घरं होती, त्यामुळे बावीस वेळा थांबायचे. गाडीच्या टायरच्या खुणा दिसल्या तर काही न बोलता पुढे जायचे. खुणा नसल्या तर हळू आवाजात, ऐकायला कोणी असो वा नसो, म्हणायचे, "इथून कोणी गेलं नाही."

निवृत्तीनंतर सकाळी फिरणारे गृहस्थ टोरांटोजवळच्या व्हिटबीत पुष्कळ आहेत. तुम्हीही पाहिले असतील. कोणी तळ्यापर्यंत जातात, कोणी मॉलच्या आत फेऱ्या मारतात. हे मात्र फिरत नव्हते, तपासणी करत होते. आमच्या रस्त्यावरच्या लोकांना ते आधी विचित्र वाटले आणि नंतर भीती वाटू लागली. त्याचं कारण पुढे येईल.

त्यांनी तीस वर्षं प्रांतिक सरकारच्या आरोग्य खात्यात अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आलेल्या पिढीतले. नावामागे डॉक्टर होतं, पण ते औषधं देणारं नव्हतं. मराठी मंडळातली तरुण मुलं त्यांना जीडीपी काका म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. सरकारने माणसाच्या तब्येतीवर केलेला खर्च पुढे देशाच्या कामात कसा, किती आणि केव्हा परत येतो, एवढा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. कोणी आजारी आहे असं कळलं की बाकीचे "आता कसं आहे?" विचारतात. ते विचारायचे, "किती दिवस बुडाले?"

मंडळाच्या गणपतीच्या जेवणात, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या जिममध्ये, एकजण खोकला. बाजूचा म्हणाला, "काका, हा खोकला तर जीडीपी पडतो का?"

"थोडा," ते म्हणाले आणि भात कालवत राहिले.

काकू फॅमिली डॉक्टर होत्या, त्याही निवृत्त. त्या म्हणाल्या, "माझे पेशंट बरे झाले की मला आनंद व्हायचा. यांना मनुष्य-दिवस मिळायचे."

माझी त्यांची ओळख शेजारी म्हणून झाली नाही, एका मथळ्यावरून झाली. मी टोरांटोच्या एका इंग्रजी दैनिकात कॉपी डेस्कवर होतो, बातम्या तपासून मथळे देण्याच्या कामाला. दुपारी तीनला जायचं, मध्यरात्रीनंतर परतायचं. प्रांताच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी मी एक मथळा दिला, त्यात आरोग्य-खर्चाला 'ओझं' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी डेस्कवर फोन आला. आवाज शांत होता. "रस्ता बांधला की तुम्ही गुंतवणूक म्हणता. त्या रस्त्यावरून कामाला जाणाऱ्याचा गुडघा दुरुस्त केला की ओझं म्हणता. हे कुठल्या नियमाने?" बोलता बोलता कळलं की ते माझ्यापासून सहा घरं पुढे राहतात. मग ते मराठीत म्हणाले, "हो का. तुमची गाडी साडेबाराला येते. एक पुढचा टायर झिजलाय."

टायर खरोखर झिजला होता.

एकदा मी शोव्हलने, म्हणजे बर्फाच्या फावड्याने, ड्राइव्हवे साफ करत असताना ते आले आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. तिथे गाडीच्या दोन वाटा होत्या. एकीत भुरभुरीत बर्फ भरला होता, दुसरी कोरीव दिसत होती.

"ही आधी गेली, मग बर्फ पडला. ही बर्फ थांबल्यावर गेली. कळतंय?"

मी कळतंय म्हणालो.

"माझ्या कामात हेच कळत नाही. आरोग्यावर जास्त खर्च करणारे देश जास्त काम काढतात. बरोबर. पण खर्च केला म्हणून काम वाढलं, की काम होतं, पैसा होता, म्हणून खर्च परवडला? आकड्यांत दोन्ही वाटा एकाच वेळी उमटलेल्या दिसतात. आधीची कुठली, नंतरची कुठली, हे सांगायला तिथे बर्फ नसतो."

"मग तीस वर्षं काय केलंत?"

"बर्फ शोधला," ते म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या शोव्हलचा आधार घेतला. "आणि नुसता खर्च वाढवूनही होत नाही. चुकीच्या जागी केला तर तो खर्चच राहतो. जागा सापडली पाहिजे."

आता भीतीचं कारण. त्यांचं निदान चुकत नसे. नऊ नंबरात एक पोलिश सुतार एकटा राहायचा. एका मंगळवारी काकांनी मला वाटेत थांबवलं. "नऊ नंबर. काल गेला नाही, आज गेला नाही. काल सकाळी दारापर्यंत येऊन परत फिरला. उजवा पाय ओढत होता." मी बेल वाजवली. सुतार जिन्याच्या पायरीवर बसलेला सापडला, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप. तो बरा झाला. पण आपला पाय दुखतोय हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला ते कळलं होतं, हे त्याला आवडलं नाही. पुढे कोणीतरी पोलिसांनाही कळवलं. एक तरुण अधिकारी येऊन काकांशी नम्रपणे बोलून गेला. काका सार्वजनिक रस्त्यावर उभे असायचे, कोणाच्याही जागेत पाऊल टाकायचे नाहीत, त्यामुळे गुन्हा नव्हता. जाताना अधिकारी शिंकला. काय विचारलं गेलं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

सतरा नंबरात वसईचं एक कॅथलिक कुटुंब राहायला आलं. नवरा रॉनी लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. रविवारी संध्याकाळी निघाला की शुक्रवारी घरी. बायको लविना एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, उठवणं, बसवणं असं काम करायची. तिची शिफ्ट सकाळी साडेसहाला सुरू व्हायची. जुळ्या मुली होत्या, आन्या आणि मारिया, पहिलीत. मुलींना सांभाळायला रॉनीची आई आली होती, सुपर व्हिसावर. आई-वडिलांना काही वर्षं सलग राहता येतं असा तो व्हिसा. त्यावर राहता येतं, पण सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही. खाजगी विमा घ्यावा लागतो, आणि आधीपासून असलेलं दुखणं त्या विम्यात बसत नाही.

आजीचं आधीपासून असलेलं दुखणं म्हणजे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तो पिकत चालला होता. तिला उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा कळायचा नाही. घरात ती दिवा न लावता वावरायची. लविना सांगायची, "दादा, मी पाचला उठते तर आई ऑलरेडी किचनमध्ये. फुल अंधार. चाकूने कांदा कापतायत. मी लाइट ऑन केला की म्हणतात, कशाला उगाच."

मुली शाळेच्या बसने जायच्या. बसथांबा रस्त्याच्या वळणावर. आजीने त्यासाठी एक पद्धत काढली होती. जुन्या साडीची एक लांब पट्टी तिने दोन पदरी शिवून घेतली होती. मधोमध ती स्वतः धरायची, एक टोक आन्याच्या हातात, एक मारियाच्या. बसपर्यंत तशी वरात जायची. पट्टीला दोन्हीकडून ओढ लागली की दोघी आहेत, एवढं तिला पुरत होतं.

काका सतरा नंबरासमोर इतरांपेक्षा जास्त वेळ थांबत. सहाच्या सुमारास त्या घराच्या पुढच्या खिडकीत आजी उभी असायची. बाहेर अंधार, आत अंधार. ते खाली बर्फाकडे पाहत, ती वर त्यांच्याकडे तोंड करून. एकदा बसथांब्यावर तिने मला विचारलं, "रोज तिथे उभं राहतं ते कोण? माणूसच ना?"

मी म्हणालो, माणूसच.

"हलत नाही म्हणून विचारलं."

आणि मग जानेवारीतली एक सकाळ. उणे अठरा तापमान, रात्रभर बर्फ. मी गाडी उकरायला बाहेर आलो तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. थंडीमुळे काका त्या दिवशी उशिरा निघाले होते. ते सतरा नंबरासमोर होते, पण नेहमीसारखे ताठ नव्हते, वाकले होते.

मी जवळ गेलो. दारापासून रस्त्यापर्यंत आजीच्या बुटांची पावलं होती. तिच्या डाव्या बाजूला लहान पावलं. उजव्या बाजूला पावलं नव्हती. तिथे एक सलग रेघ होती, काहीतरी ओढत नेल्यासारखी.

"दोघी जातात," काका म्हणाले. "आज एकच गेली."

मी वळणाकडे पाहिलं. आजी थांब्याजवळ पोचत होती. डावीकडे आन्या होती. उजवीकडे पट्टीचं टोक बर्फातून घसटत येत होतं. त्याला बर्फाचा गोळा चिकटला होता आणि तो गोळा टोकाला वजन देत होता. आजी त्या बाजूला मान वळवून बोलत होती. मला शब्द ऐकू आले. "नीट चाल गं. ओढू नको. आज काय झालंय तुला?"

आन्या काहीतरी सांगत होती. पण आन्या इंग्रजीत बोलायची, आणि आजीला इंग्रजी येत नव्हतं.

मी हे पाहत असताना काका माझ्या शेजारून निघून गेले होते. त्यांनी सतरा नंबराच्या ड्राइव्हवेवर पाऊल टाकलं, घराला वळसा घातला आणि मागच्या अंगणात गेले. बावीस घरांपैकी कोणाच्याही जागेत ते असे शिरल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मारिया मागच्या सरकत्या काचेच्या दाराशी उभी होती. स्वेटर आणि मोजे, बूट नाहीत. ताजा बर्फ पाहायला ती क्षणभर बाहेर आली होती. आजीला गार झुळूक लागली. दार उघडं राहिलंय असं वाटून तिने ते सरकवलं आणि कडी घातली. ती काचेपासून हातभर अंतरावर होती. मारिया काचेच्या पलीकडे होती. नंतर मारियाने सांगितलं की आजी सरळ तिच्याकडे पाहत होती, म्हणून तिला तो खेळ वाटला. ती रडली नव्हती. ती आजी दार उघडेल म्हणून थांबली होती.

काकांनी तिला कोटाच्या आत घेतलं. माझ्या गाडीतून आम्ही सगळे इमर्जन्सीत गेलो. आजी पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर ती पट्टी, आणि दोन्ही हातांनी पट्टीची टोकं चाचपत होती.

मारियाच्या पायाची तीन बोटं पांढरी पडली होती. तिचं हेल्थ कार्ड कामावर असलेल्या लविनाकडे होतं. नोंदणीच्या खिडकीतली बाई म्हणाली, नंबर नंतर द्या, आधी आत जा. दोन तासांत बोटांचा रंग परतला. कसलंही बिल नाही. एका तरुण डॉक्टरणीने आजीकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "यांचे डोळे कोण बघतंय?" मी परिस्थिती सांगितली. तिने मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. दुसरं ती काही करू शकत नव्हती.

परतताना काका मागच्या सीटवरून म्हणाले, "मुलीच्या बोटांसाठी सरकार आहे. आजीच्या डोळ्यांसाठी नाही. आणि बोटं जाणार होती ती डोळ्यांमुळे."

तीन दिवसांनी त्यांनी मला बेसमेंटमध्ये बोलावलं. तिथे त्यांच्या नोकरीतली कागदपत्रं खोक्यांत होती. एक पिवळट फाइल त्यांनी टेबलावर उघडून ठेवली होती. नव्वदच्या दशकातलं एक अंतर्गत टिपण, खाली त्यांचं नाव. बाहेरून येणाऱ्या वृद्ध आई-वडिलांना सरकारी आरोग्य विमा द्यावा का, या प्रश्नावर खात्याने मागवलेलं. मजकूर आठ पानांचा, शेवटी एक तक्ता. वयोगट, स्त्री, पुरुष, आणि प्रत्येकावर खर्च केल्यास परत मिळणारे कामाचे तास.

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पासष्टच्या पुढच्या, नोकरी न करणाऱ्या स्त्रिया. रकान्यात शून्य.

"हे शून्य मी टाकलंय," ते म्हणाले. "कोणी सांगितलं नव्हतं."

मी म्हणालो, त्या वेळी पद्धतच तशी असेल.

"पद्धत होतीच. ज्याला पगार नाही त्याचे तास नाहीत. पण मी तुम्हाला वेगळं सांगतोय. हे मी वरच्या डायनिंग टेबलावर लिहिलं. संध्याकाळी. आई वाईहून आली होती, आठ हिवाळे राहिली. शेजारच्या खोलीत ती मुलीला भरवत होती. ही हॉस्पिटलात होती, तिचं रेसिडेन्सीचं शेवटचं वर्ष. आई नसती तर ही डॉक्टर झाली नसती, आणि मला ते आठ पानी टिपण लिहायला वेळ मिळाला नसता." त्यांनी चष्मा काढला. "मुलगी खात नव्हती. आई तिला समजावत होती, ते मला ऐकू येत होतं. मी उठून दार लावलं, आणि मग ही ओळ लिहिली."

वर काकूंच्या पावलांचा आवाज येत होता.

"निर्णय माझ्या टिपणामुळे झाला असं नाही," ते म्हणाले. "अशी टिपणं पुष्कळ असतात. पण एकानेही ते शून्य खोडलं नाही. मी तर नाहीच."

त्यांनी खात्याला पत्र लिहिलं, आपल्याच वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या तक्त्यात दुरुस्ती सुचवणारं. इंग्रजी मी तपासलं. तपासण्यासारखं काही नव्हतं. सहा आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं. ते टिपण अभिलेखागारात गेलं आहे, आणि अभिलेखागारातल्या कागदात बदल करण्याची तरतूद नाही. काकांनी ते मला वाचून दाखवलं. "तुमचा पेपर बरा. दुसऱ्या पानावर रोज आपल्या चुकांची दुरुस्ती छापता."

"छोट्या चुकांची छापतो," मी म्हणालो.

ते हसले. त्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

मात्र त्या सहा आठवड्यांत बरंच झालं होतं. आजी फेब्रुवारीच्या सुरुवातीला वसईला परत गेली. तिकडे ऑपरेशन करून, व्हिशाचे कागद पुन्हा करून, मेमध्ये येणार असं ठरलं. विमानतळावर निघताना तिने दोन्ही मुलींच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. एक, दोन. तिने असं पाच-सहा वेळा केलं.

आणि लविनाची नोकरी लटकली. शाळेतलं डेकेअर सातला उघडायचं. तिला सहाला निघावं लागायचं. मधला एक तास मुली कुठे ठेवायच्या? पहिल्या आठवड्यात ती तीनदा उशिरा पोचली. नर्सिंग होमच्या सुपरवायझरने लेखी ताकीद दिली. आणखी एकदा उशीर झाला तर काम जाणार. रॉनीच्या एकट्याच्या पगारात घराचा हप्ता निघत नव्हता. बाई शोधली, सकाळी एका तासासाठी कोणी येईना. लविना आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, फक्त एक तास आहे. एका तासासाठी माझा जॉब चाललाय."

माझ्या मागे काका उभे होते, वर्तमानपत्र न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही सकाळी किती जणांना उठवता?"

"काय, अंकल?"

"नर्सिंग होममध्ये. बिछान्यातून."

"मॉर्निंगला नऊ. कधी दहा."

"आणि त्यांची मुलं कामावर जातात."

"जातातच ना. म्हणून तर आईबापाला तिथे ठेवलंय."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून मी येतो. पावणेसहाला. सातला डेकेअरला पोचवतो."

लविना माझ्याकडे पाहू लागली. हे गृहस्थ रोज सकाळी तिच्या घरासमोर निश्चल उभे राहणारे, शेजारी ज्यांच्याबद्दल पोलिसांना कळवतात ते. तिला त्या मागच्या अंगणाची आठवण झाली असावी. ती म्हणाली, "ओके, अंकल."

त्यांना मुलं सांभाळता येत नव्हती. काकू म्हणाल्या, "स्वतःच्या मुलीची वेणी कधी घातली नाही. आता यूट्यूबवर बघून माझ्या ओढणीवर सराव करतात." पहिल्या दिवशी त्यांनी दोघींना दूध दिलं, ते इतकं गरम की सात वाजेपर्यंत कोणाला पिता आलं नाही. मुली त्यांच्याशी इंग्रजीत बोलायच्या, ते मराठीत. ते काय बोलतात ते मला कधी कळलं नाही. लविना म्हणायची, "घरात आवाजच नसतो, दादा. मी निघताना बघते तर तिघं टेबलाशी, एकदम क्वाएट. भांडण नाही, टीव्ही नाही. मी रॉनीला सांगितलं, हे नॉर्मल आहे का? तो म्हणतो, नोकरी आहे ना, मग विचारू नको."

त्यांनी रस्त्यावर उभं राहणं त्या दिवसापासून बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "वेळ नाही."

मार्चच्या मध्यावर त्यांना खोकला लागला. काकूंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि एक्स-रे काढायला सांगितला. ते म्हणाले, शनिवारी जाऊ, आठवड्याच्या मध्ये नको. काकूंनी ऐकवलं, "कार्ड आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, बायको डॉक्टर आहे. जगात तुमच्याइतकं फुकट मरणारा दुसरा कोणी नसेल." हे त्या रागाने म्हणाल्या होत्या. नंतर त्यांनी ते मला स्वतःहून सांगितलं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला. मी धावत गेलो. ते बिछान्यात होते. काकूंनी स्वतः तपासलं होतं. त्यांचा अंदाज, दोन-अडीच तासांपूर्वी गेले. म्हणजे चारच्या सुमारास. वीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई. अशा अंदाजात ती चुकत नाही.

अॅम्ब्युलन्स आली, गेली. सात वाजून वीस मिनिटांनी मला मुलींची आठवण झाली.

सतरा नंबराचं दार लोटलेलं होतं. आत दिवे बंद. टेबलावर काही नाही. सिंकमध्ये दोन वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या. मुली नव्हत्या. मी डेकेअरला गाडी काढली. दोघी तिथे रंगीत कागद कापत बसल्या होत्या. वेण्या घातलेल्या होत्या. नोंदवहीत वेळ सात, सहीच्या जागी काही नव्हतं. दारावरची बाई म्हणाली, ती फोनवर होती, आजोबांनी नेहमीसारखं दार धरून ठेवलं आणि मुली आत आल्या. चेहरा पाहिला का? नाही. टोपी पाहिली.

लविनाला मी संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "मी सहाला गाडी बाहेर काढली, ते ड्राइव्हवेच्या टोकाला उभे होते. मी हात केला. मला वाटलं, येतायत आत. म्हणून मी निघाले. नाहीतर मी निघाले असते का?"

आमच्या धंद्यात दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही द्यायच्या आणि आपलं मत घालायचं नाही. मी त्या दिल्या आहेत. आन्या आणि मारियाला कोणी काही विचारलं नाही. काय विचारायचं तेच कळलं नाही. त्या दिवशी बर्फ पडलेला नव्हता. रस्ता कोरडा होता, त्यामुळे पाहण्यासारखं काही नव्हतं. एवढं खरं की लविना कामावर वेळेत पोचली आणि नऊ जणांना उठवून बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो तास मी घेतला. माझं काम दुपारी सुरू होतं आणि आजी यायला दोन महिने होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा प्रश्न नव्हता. पावणेसहाला जायचो. लविना चावी, डबा, जॅकेट घेऊन निघायची. मी दूध कोमट करायचो. वेण्या मला जमल्या नाहीत; मुलींनी तक्रार केली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. मुली दोन बाजूंना बसतात. मी पहिल्या दिवशी खिडकीकडची तिसरी ओढली, तेव्हा आन्या शांतपणे म्हणाली, "नॉट दॅट वन." मी चौथीवर बसलो.

माझ्याशी त्या इंग्रजीतच बोलत. दूध हवं, नको, टॉयलेटला जाते. बाकी वेळ गप्प. एप्रिलमधल्या एका सकाळी मी त्यांच्या दप्तरांच्या चेन लावत होतो, पाठ टेबलाकडे होती. घरात आवाज नव्हता. मग मारिया म्हणाली, "नाही वाजत थंडी."

स्वच्छ मराठीत. मी काही विचारलं नव्हतं.

थोडं थांबून ती म्हणाली, "आईने सांगितलंय. आजी येणार, मेमध्ये. तिला आता दिसतं."

आन्याने आपली वाटी उचलली आणि टेबलावर थोडी अलीकडे ओढून घेतली, जागा केल्यासारखी. दोघी खिडकीच्या बाजूला पाहत होत्या, ऐकताना मुलं पाहतात तशा. मग आन्या हसली आणि म्हणाली, "आठ हिवाळे? एवढे?"

मी तिकडे वळलो नाही. सातला पाच मिनिटं कमी होती, आणि डेकेअरचं दार बरोबर सातला उघडतं. मी दोघींचे कोट खुंटीवरून काढले आणि धरून उभा राहिलो. त्यांचं बोलणं संपेपर्यंत.